कोरडं बाटत नाही

"चूळ भर," आक्का म्हणाली. "आन् इथं थुंक."

इथं म्हणजे तिच्या पायापुढच्या काळ्या फरशीवर. दाण्याचा पांढरा चुरा काळ्यावर चटकन दिसतो. त्यासाठीच ती फरशी अंगणात ठेवलेली होती. दुसरं काही काम नव्हतं तिला.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. सकाळपासून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माय होती, शेजारची सुंदरामावशी होती आणि मी. उन्हाळा होता. अहमदपुरात आक्काच्या, म्हणजे आमच्या मालकिणीच्या घरी वर्षाची बेगमी चालली होती. घरी जायच्या आधी तिघींनी रांगेत उभं राहायचं. आक्का तांब्यातून वरून पाणी ओतायची, आपण ओंजळ धरायची, चूळ भरायची, फरशीवर थुंकायचं. आक्का वाकून बघायची. दाणे खाल्ले असतील तर थुंकीत दिसणार.

सुंदरामावशी थुंकली. पाणी साफ होतं. माय थुंकली. साफ.

मग माझी पाळी आली. ओंजळीत पाणी पडलं. गार होतं. रांजणातलं.

त्या साली आमच्या मांगवाड्याचा आड होळीच्या आधीच आटला होता. टँकर गावात यायचा, पण आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याच्यात तळाचा गाळ उरायचा. त्या दिवशी सकाळपासून माझ्या तोंडात थेंब नव्हता. आक्काच्या घरी मागितलं असतं तर सुनेनं आणून ओतलं असतं, पण सून देवपूजेत होती आणि मागायचं कुणाला हे मला कळत नव्हतं.

मी थुंकले नाही. पिऊन टाकलं.

ठरवून नाही. घशानंच ओढून घेतलं.

आक्काचे डोळे बारीक झाले. "गिळलं," ती म्हणाली. "गिळलं म्हंजे खाल्ले व्हते."

"न्हाई खाल्ले," मी म्हणाले.

"मंग गिळलं कशापाई?"

तहान लागली होती, एवढं सांगायला पाहिजे होतं. सांगता आलं नाही. अंगणात आक्काच्या नवऱ्याच्या, आप्पांच्या दुकानातले दोन हमाल पोती उतरवत होते, ते थांबून बघायला लागले. वरच्या सज्जात शेजारची एक बाई उभी राहिली.

तेवढ्यात मायनं माझी मान धरली. मला खाली वाकवलं. दोन बोटं माझ्या घशात घातली.

कुणी सांगितलं नव्हतं तिला. आक्कानंसुद्धा नाही. तिनं आपल्या मनानं घातली.

मी ओकले. काळ्या फरशीवर पाणी पडलं आणि त्यात मिलोच्या भाकरीचे लाल तुकडे. रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी. तीच सकाळी खाल्ली होती, अर्धी. बाकी काही नव्हतं. दाण्याचा कण नव्हता.

आक्कानं बघितलं. नाकाला पदर लावला. म्हणाली, "फरशी धुऊन जा."

एवढंच.

मायनं फरशी धुतली. त्यासाठी आक्कानं बादलीभर पाणी दिलं.

*

आक्काच्या घराविषयी सांगायला पाहिजे.

आप्पांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, भुसाराचं दुकान. दोघंही देवाधर्माचे. कपाळाला विभूती, सकाळी तासभर पूजा. दारात आलेल्या जंगमाला कधी रिकामं पाठवलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माणूस वाईट असतो म्हणून वाईट वागतो, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नसतं.

त्यांची कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची अंधारी खोली. आम्ही ती उंबऱ्याबाहेरूनच पाहिलेली. भिंतीत बांधलेलं बळद, त्यात ज्वारी. तुरीच्या डाळीच्या दोन कणग्या. करडईच्या तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा, मिठाचे रांजण, चिंचेचे गोळे, वाळल्या मिरच्यांची पोती. फळीवर साबणाच्या वड्या, काड्यापेट्यांचे पुडे, घासलेटचं पिंप. कोपऱ्यात केरसुण्या, त्या आमच्याच वाड्यातून बांधून गेलेल्या. बाहेर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सरकारनं वाटलेल्या सुकडीसाठी रांगा लावत होती. ह्या खोलीत दोन वर्षं कुणी काही आणलं नसतं तरी चाललं असतं.

आणि हे सगळं आमच्या हातांतून गेलेलं. ज्वारी मायनं निवडली. कडुनिंबाचा पाला तिनंच वाळवून त्यात घातला. तूर भिजवली, तेल चोळलं, वाळवली, जात्यावर भरडली. सुंदरामावशीनं मिरच्यांचे देठ काढले, आठ दिवस तिच्या हाताची आग जात नव्हती. डोक्यावर पाटी घेऊन आम्ही उंबऱ्यापर्यंत जायचो. तिथं ठेवायची. पुढं सून उचलून आत न्यायची.

एकदा मी विचारलं होतं मायला. आपण निवडलेलं खातात, मग आपण आत का नाही जायचं?

माय म्हणाली, "कोरडं बाटत न्हाई. वलं बाटतं."

हा त्या घरचा कायदा होता. कोरड्या धान्याला आमचा हात चालायचा. त्याला पाणी लागलं की चालायचा नाही. तूर भिजवायची ती आम्ही, पण ती वाळून कडक झाली की तिचा विटाळ उन्हानं जायचा. पापडाच्या पिठाला आम्ही हात लावायचा नाही, पण उडीद भरडून द्यायचा. लोणच्याच्या कैऱ्या आणून द्यायच्या, फोडायच्या नाहीत. इतका बारीक विचार केलेला होता. जिथं काम जास्त तिथं विटाळ नाही. जिथं चव सुरू होते तिथून विटाळ सुरू.

आमच्या घरी बेगमी म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्याच्यात असेल ते. शेजारी मिठाचं गाडगं आणि खुंटीला घासलेटची बाटली. आक्काकडून संध्याकाळी सुपातल्या कण्या आणि फुटकी डाळ मिळायची, ती त्या डब्यात जायची. बाप त्या साली कामाच्या शोधात नांदेडला गेला होता. त्याचा निरोप नव्हता.

त्या ओकारीच्या दुसऱ्या दिवशी माय परत आक्काकडं निघाली. मी म्हणाले, मी येत नाही. ती म्हणाली, "नको येऊ." आणि गेली. संध्याकाळी कण्या घेऊन आली, शिजवल्या, मला वाढल्या. मी खाल्ल्या. पण त्या दिवसापासून मी तिच्या जवळ झोपायचं सोडलं. माझ्या घशात तिची बोटं होती. आक्काचा मला राग आला नाही. राग आला तो मायचा. कितीतरी वर्षं तिचाच.

*

पाऊस परत आला. लोक दुष्काळ विसरले. मी शाळेत टिकले, कारण शाळेत दुपारी सुकडी मिळायची आणि नंतर कारण मला अक्षर आवडायला लागलं. माझं अक्षर बरं होतं. दहावी झाले, मग अकरावी-बारावी.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. इतके दिवस आम्ही उस्मानाबादचे होतो, आता लातूरचे झालो. नवी कचेरी, नवे साहेब, रस्त्यावर नव्या पाट्या. जो तो लातूरला जागा घ्यायला लागला. आप्पांनीही तिथं नवं घर बांधलं. सिमेंटचं. वर गच्ची. मी त्याच लातुरात अध्यापक विद्यालयाला होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते.

त्या उन्हाळ्यात आक्काचा निरोप अहमदपूरला गेला. नव्या घरची बेगमी भरायची. माय आणि सुंदरामावशी एसटीनं आल्या. चार दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी मी मायला भेटायला गेले.

घर बदललं होतं. बळद नव्हतं, कणग्या नव्हत्या. स्टीलचे उंच डबे, चकचकीत, ओळीनं मांडायला आणलेले. काळी फरशीही नव्हती. थुंकायला लावत नव्हते आता. माय गच्चीवर तूर वाळवत होती. आक्का मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली, थकलेली. शेजारची एक बाई आली होती, तिला घर दाखवणं चाललं होतं.

"ही आमच्या गंगूची पोरगी," आक्का तिला म्हणाली. "मास्तरीण व्हायलीय. आपल्याच दाण्यावर वाढली."

शेजारीण कौतुकानं माझ्याकडं बघून हसली.

"अक्षर चांगलं हाय म्हणं तुझं," आक्का मला म्हणाली. "डब्यावर नावं लिव्हून दे. सारखेच दिसायलेत सगळे, सुनेला उमगत न्हाई कशात काय हाय ते."

खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या घरात पहिल्यांदा मला काहीतरी येतं म्हणून काम सांगितलं होतं. कागदाच्या पट्ट्या होत्या, खळ होती, दौत-टाक होता. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सून एकेक डबा आतून आणून माझ्यापुढं ठेवायची. मी पट्टी चिकटवायची, लिहायची. ज्वारी. तूर. मूग. उडीद. शेंगदाणे. पोहे. साखर. प्रत्येक अक्षर शाळेच्या फळ्यावर काढतात तसं काढलं. सतरा डबे होते. मी घामानं भिजले होते, पण हात हलू दिला नाही.

शेवटचा डबा झाला तेव्हा मी टाक पुसत होते. सून बाहेर आली. हातात पाण्याचं भांडं. तिनं पहिल्या डब्यावर पाणी शिंपडलं, फडक्यानं पुसलं, आत नेला. दुसऱ्यावर शिंपडलं. तिसऱ्यावर.

शाई फुटली. ज्वारीचा ज पसरला. तूर वाचता येईना. निळं पाणी स्टीलवरून खाली ओघळत होतं.

सून थांबली नाही. ती वाईट बाई नव्हती, सवयीनं करत होती. तिच्या हाताला ते माहीत होतं, डोक्याला माहीत असायची गरज नव्हती.

आक्कानं चष्मा लावून एका डब्याकडं बघितलं. "हे काय गं? नीट लिव्हता येईना का तुला? सगळं गिचमिड झालं."

मी म्हणाले, "शाईवर पाणी मारलं तुम्ही."

"धूळ व्हती डब्यावर."

"धूळ व्हती तर लिव्हायच्या आधी पुसायची."

शेजारणीनं पायांकडं बघितलं. आधी सरळ विटाळ म्हणायचे. आता धूळ म्हणत होते. नवा जिल्हा, नवं घर, नवा शब्द.

"लई बोलायला शिकली," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "दुसऱ्या पट्ट्या देते. परत लिव्ह."

"न्हाई लिव्हत."

हा शब्द त्या घरात आमच्यापैकी कुणी काढला नव्हता. धीटपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला फक्त एवढं कळलं की मी आता परत लिहिलं तर हा टाक मी पुन्हा कधी हातात धरू शकणार नाही.

माय गच्चीवरून खाली आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "लिव्ह गं माय," ती म्हणाली. "हात झिजतो का तुझा?"

"तू चल," मी म्हणाले. "ऊठ. आपण जाऊ."

"तूर वाळायलीय वर. अर्ध्यावर टाकून कुठं येऊ?"

"माय, चल."

"तू जा," ती म्हणाली, आणि परत जिना चढली.

मी एकटी बाहेर पडले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी माय एसटी स्टँडवर भेटली. सुंदरामावशी पाणी प्यायला गेली होती. मायजवळ गाठोडं होतं. तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. तुरीची डाळ, पायलीभर तरी असेल.

"आक्कानं दिली," ती म्हणाली. "म्हणाली, पोरीला म्हणावं राग धरू नको."

मी गाठोडं बाकावर सरकवलं. "मला नको तिची डाळ."

मायनं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं मी तिच्याशी तुटक वागत होते, ती कधी काही बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तिची कशी? तिनं हात लावला व्हता का? मी भिजवली. मी तेल चोळलं. चार दिस उन्हात मी बसले. तिनं दिली म्हून तिची झाली? ही माझी हाय. तुला नको तर मला हाय."

मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी माझ्या घशात बोटं कशाला घातलीस? कुणी सांगितलं व्हतं?"

मायला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही.

"कुणीच न्हाई," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं तुझ्या पोटात काय हाय ते. अर्धी भाकर. ती पण मिलोची. तिला दावायचं व्हतं. तिच्या अंगणात, तिच्या फरशीवर. आमची लेकरं काय खात्यात ते बघ म्हणलं."

स्टँडवर गर्दी होती. गाडी लागली, लोक खिडकीतून रुमाल टाकायला लागले. मी तशीच बसून राहिले. मला वाटलं होतं, कालचा 'न्हाई' हा आमच्या घरातला पहिला होता. तो पहिला नव्हता. तिच्याजवळ शब्द नव्हता, तिच्याजवळ मी होते. तिनं मला वापरलं. त्याचा राग अजूनही पूर्ण गेलेला नाही माझा, आणि जायला पाहिजे असंही वाटत नाही. पण रागाचं तोंड त्या दिवशी फिरलं.

"बघितलं व्हतं का मग तिनं?" मी विचारलं.

"बघितलं की. नाकाला पदर लावला," माय म्हणाली. "दावून काय व्हतंय. त्यांचे डोळे चांगले हायत. दिसतंय त्यांना सगळं."

*

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला तेव्हा मी मुद्दाम अहमदपूरला गेले होते. दुकानाचा माणूस मांगवाड्यात आला. सहा बाया जमल्या होत्या. मी त्यांच्याशी आधी बोलले होते, दोन संध्याकाळी. अर्ध्या बाया हसल्या होत्या, सुंदरामावशी रडली होती. दुष्काळापासून तिच्या घरात त्याच कण्या शिजत होत्या.

माणसाला उत्तर मी द्यायचं ठरलं होतं. दिलं मायनं.

"येतो म्हणावं," ती म्हणाली. "पण कोठीत जाऊन भरू. पाणी तुमच्या घरातल्या गलासानं पिऊ. आन् भरलेल्या डब्यावर पाणी मारायचं न्हाई."

माणूस हसला. "येडी झाली का गंगे?"

"हाव," माय म्हणाली.

तो गेला. परत आला नाही.

आता ह्याचा शेवट गोड झाला असं कुणाला वाटत असेल तर ऐका. आक्काची कोठी त्या साली भरली. वेळेवर भरली. लातूरच्या मोंढ्यामागं झोपड्या पडल्या होत्या, कुठून कुठून जगायला आलेली माणसं. तिथल्या चार बाया गेल्या. आमच्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते आमचं. मायचा डबा आषाढातच रिकामा झाला. सुंदरामावशी दोन महिने माझ्याशी बोलली नाही. माय रस्त्याच्या कामावर गेली, त्या वयात, आणि तिची कंबर जी धरली ती सुटली नाही.

मी त्या झोपड्यांत गेले. एका रविवारी. ठेवणीतली चांगली साडी नेसून गेले, ती माझी चूक. त्यांच्यातली एक बाई लेकरू पाजत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पट्ट्यांचं, पाण्याचं, शाईचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजं पोट भरलंय, बाई. म्हून तुला शाई दिसायलीय."

लेकरू खांद्यावर टाकून तिनं हातानंच मला जा म्हणून खुणावलं. ती खरं बोलत होती.

परत येताना मला वाटेत दोनदा वाटलं, पुरे आता. नोकरी लागेल, मायला लातूरला आणीन, आपल्या घरात आपली ज्वारी भरीन, दार लावून घेईन. कुणी काही म्हणणार नाही. शिकलेल्या पुष्कळांनी तेच केलंय. मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण दार लावल्यावर बाहेर त्या चार बाया उंबऱ्यापाशी पाटी घेऊन उभ्याच राहणार. आणि आतल्या बाईला त्यांच्यामागं आणखी चार सापडणार. एका वाड्यानं नाही म्हणून भागत नाही. सगळ्यांनी एका दिवशी म्हणावं लागतं. आणि ज्याची चूल त्या दिवशी पेटणार नाही, त्याच्या चुलीचं आधी बघावं लागतं. नुसता शब्द घेऊन गेले होते मी त्या बाईकडं. तिनं हाकललं, बरोबर केलं.

त्या महिन्यापासून वसतिगृहातल्या मुलींकडून मूठमूठ धान्य गोळा करायला लागले. नोकरी लागल्यावर पगारातून घालत गेले. आक्कासाठी नाही, मायसाठी नाही. ज्या दिवशी त्या बाया पाटी खाली ठेवतील, त्या दिवसानंतरचे आठ दिवस त्यांच्या घरात शिजेल एवढं. त्या मला परत हाकलतील. मी परत जाईन. त्यांच्या पाटीला हात लावून सांगेन, खाली ठेव, आणि ठेवेपर्यंत तिथून उठणार नाही.